तिकटीवरचं उजवं वळण: एका अपघाताची पूर्ण केस

माझ्या दाजींचा अपघात झाला त्याला आता वर्ष होत आलं. मांडीत रॉड आहे, काठी सुटली, पण जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो. ही केस लिहून काढायचं कारण एवढंच की पंचनाम्यात जे आलं आणि तिकटीवर जे खरंच झालं त्यात खूप फरक होता, आणि तो फरक कळल्यावरच आम्हाला तिथं काहीतरी करता आलं. सिग्नल नसलेल्या अशा तिकट्या आणि चौक प्रत्येक तालुक्यात आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी जागा समजून घ्या. कोल्हापूर जिल्हा, आमच्या तालुक्याच्या गावाच्या थोडं अलीकडं दोन पदरी रस्ता, डिव्हायडर नाही, सगळे त्याला हायवेच म्हणतात. गावाकडं तोंड केलं की डाव्या हाताला साखर कारखान्याचा रस्ता फुटतो, त्याच रस्त्यावर पुढं एमआयडीसी आणि दोन-तीन वाड्या. म्हणजे इंग्रजी टी सारखी तिकटी. सिग्नल नाही, पोलीस नाही, दिव्याचा खांब एकच, आणि तोसुद्धा पलीकडच्या बाजूला. कोपऱ्यावर एका मावशींची चहाची टपरी, टपरीच्या अलीकडं म्हणजे कोल्हापूर बाजूला फ्लेक्स लावायची लोखंडी चौकट, तिच्यावर बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो.

डिसेंबर होता, गळीत हंगाम भरात, संध्याकाळी सव्वासातचा सुमार. दाजी कोल्हापूरहून स्कूटरवर घरी येत होते. त्यांच्या पुढं उसाने भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, कारखान्याकडं डावीकडं वळायला स्लो झालेला. दाजींना सरळ गावात जायचं होतं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूनं स्कूटर काढली. त्याच वेळी कारखान्याच्या रस्त्यावरून शिफ्ट सुटलेला एक पोरगा मोटरसायकलवर हायवेला येत होता, त्याला उजवीकडं कोल्हापूर बाजूला जायचं होतं. त्यानं बघितलं की ट्रॅक्टर आत वळतोय म्हणजे हायवे मोकळा, आणि ट्रॅक्टरच्या तोंडापुढनं तिरकी गाडी घातली. ट्रॅक्टरच्या नाकापुढं दोघं एकमेकाला दिसले तेव्हा मध्ये गाडीभर पण अंतर नव्हतं. पोरगा ट्रॅक्टरच्या बोनेटवर आपटून पडला, मनगट मोडलं. दाजींच्या पायावर स्कूटर आली.

कागदावर काय आलं? भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. हे शब्द आपल्याकडं प्रत्येक अपघाताच्या कागदात असतात, तुम्ही कुठलाही काढून बघा. आता दाजी कधी पन्नासच्या वर गाडी चालवत नाहीत हे अख्ख्या घराला माहिती आहे, आणि पोरगा तर थांबलेल्या जागेवरून निघाला होता, त्याचा वेग सायकलीएवढा असेल. तरीपण भरधाव. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघितला तर त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि निम्म्याहून कितीतरी जास्त अपघातांचं कारण अतिवेग असंच नोंदवलेलं आहे. वेग मारतो यात वाद नाही. पण आमच्या कागदावर जसं भरधाव लिहून विषय मिटला तसा आणखी किती कागदांवर मिटला असेल हा विचार माझ्या डोक्यातनं जात नाही, कारण एकदा भरधाव लिहिलं की वळण कसं घेतलं, कुठून घेतलं, समोरचं दिसत होतं का, हे कुणी विचारतच नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, साइटवर काम करतो, रस्ते हा काही माझा रोजचा विषय नाही. पण दाजी दवाखान्यात असताना संध्याकाळी डबा देऊन परत येताना मी रोज तास-दीड तास त्या टपरीवर बसायला लागलो. पहिल्या दिवशीच मावशींनी एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. त्या सकाळी टपरीपुढचं झाडतात तेव्हा रस्त्यावर जो काचेचा, प्लॅस्टिकचा चुरा मिळतो तो एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात, लहान पोरांच्या पायात जाऊ नये म्हणून. डबा अर्ध्याच्या वर भरलेला. नारिंगी तुकडे इंडिकेटरचे, लाल टेललाइटचे, जाड पांढरे हेडलाइटचे, आणि आरशाचे चपटे तुकडे. मी विचारलं मावशी हे कुठं सापडतं, तर त्या उठून रस्त्याच्या कडेला आल्या आणि बोट दाखवलं. "इथंच सगळं, फ्लेक्सच्या समोर. तिकडं गावाच्या अंगाला काही नसतंय."

मी उभा राहून बघितलं आणि मला कोडं पडलं, कारण ती जागा तिकटीच्या मधोमध नव्हतीच. आपण डावीकडून चालतो. कारखान्याच्या रस्त्यावरून बाहेर येणाऱ्या गाडीनं स्वतःच्या डाव्या अंगाला असायला पाहिजे, म्हणजे तोंडाच्या गावाकडच्या निम्म्या भागात. कोल्हापूरकडचा निम्मा भाग आत जाणाऱ्यांचा. आणि चुरा सगळा आत जाणाऱ्यांच्या भागापुढं. म्हणजे बाहेर येणाऱ्या गाडीनं जिथं असायलाच नको तिथंच ती ठोकली जात होती, आणि एकदा नाही, डबा भरेपर्यंत.

मग फक्त वळणं बघायला लागलो. कारखान्याच्या रस्त्यावरून येऊन उजवीकडं कोल्हापूरला जाणारे मोटरसायकलवाले जवळपास सगळेच शेवटच्या वीस-पंचवीस पावलांत रस्त्याची बाजू सोडून उजवीकडं सरकत होते, म्हणजे आत जाणाऱ्यांच्या भागात, आणि तिथून तिरके हायवेवर चढत होते, जवळचा रस्ता म्हणून. आणि गावाकडून हायवेनं येऊन उजवीकडं कारखान्याला वळणाऱ्या कार काय करत होत्या? त्या पण कोपरा कापत होत्या. तिकटीच्या मध्यापर्यंत पुढं जाऊन मग वळायचं सोडून दहा पावलं अलीकडूनच तिरक्या घुसायच्या आणि थेट बाहेर येणाऱ्यांच्या भागात शिरायच्या. समोरून कार अंगावर येते म्हणून बाहेर येणारा मोटरसायकलवाला आणखी उजवीकडं सरकायचा. दोघंही एकमेकाला चुकीच्या बाजूनं पास होत होते, आणि हे इतकं सराईतपणे चालायचं की कुणाला काही वेगळं वाटतच नव्हतं. एका पिकअपवाल्याला मी विचारलंसुद्धा, पावणं असं का कापता, तर तो म्हणाला सगळी इथनंच जात्यात, मी पुढनं वळलो तर मागचा मला ठोकंल. त्याचं म्हणणं मला पटलं, खोटं नव्हतं ते.

नियम काय आहे ते पण सांगतो, कारण लायसन्स काढताना आपण वाचतो आणि विसरतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट होतं की उजवीकडं वळताना आधी आपण ज्या रस्त्यावर आहोत त्याच्या मध्याजवळ यायचं आणि ज्या रस्त्यात शिरायचं त्याच्या डाव्या बाजूला पोचायचं. मुख्य रस्ता ठरलेला असेल तर त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, तसा ठरलेला नसेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला. २०१७ ला त्या जागी नवीन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आली. आणि पुढचा रस्ता दिसत नसताना ओव्हरटेक करायचा नाही हे तर जुनंच आहे. त्या हिशोबानं दाजी पण चुकले. त्यांनी स्वतःच बेडवर कबूल केलं, "ट्रॉलीच्या पुढं काय आहे ते मला दिसत नव्हतं रे, तरी घातली." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या पोराबद्दल एक वाकडा शब्द त्यांनी आजपर्यंत काढला नाही.

आता ट्रॅक्टरचं बघू, कारण माझ्या मते या केसची किल्ली तिथंच आहे. ट्रॅक्टर आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून एसटीपेक्षा लांब भरतात, आणि उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या असतात. एवढं लांब धूड डावीकडं वळवायचं तर ड्रायव्हर आधी थोडा उजवीकडं घेतो, नाहीतर मागची ट्रॉली आतल्या अंगाला ओढली जाऊन नाल्यात उतरते. मागच्याला वाटतं हा उजवीकडं चाललाय की डावीकडं. इंडिकेटर असला तरी उसाच्या पाल्यात झाकलेला. आणि वळताना चाल माणसाच्या चालीएवढी, पूर्ण आत जायला दहा सेकंद तरी लागतात. तेवढा वेळ हायवेच्या त्या बाजूवर एक चालती भिंत उभी असते. भिंतीच्या अलीकडं आत्ता स्लो झालेला स्कूटरवाला, त्याला वाटतं ट्रॅक्टर स्लो झालाय, काढून घेऊ. पलीकडं अर्धा तास वाट बघून कंटाळलेला मोटरसायकलवाला, त्याला वाटतं ट्रॅक्टरनं हायवे अडवलाय, हाच चान्स. एकच ट्रॅक्टर दोघांनाही जा म्हणून सांगतोय, आणि दोघं एकमेकाला दिसत नाहीत.

ताशी ४५ नं चाललेली स्कूटर सेकंदाला साडेबारा मीटर जाते. माणसाला अचानक काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे पंचवीस मीटरपर्यंत गाडी तशीच पुढं. ट्रॅक्टरच्या नाकापासून मोटरसायकल कुठं होती? फार तर तीन-चार मीटरवर. इथं वेग ३० असता तरी जमलं नसतं. आणि रात्री एकाच दिव्याची गाडी किती लांब आहे, किती जोरात येतेय हे डोळ्याला नीट कळत नाही, लहान वस्तू लांबच वाटते. २०१७ च्या एप्रिलपासून नवीन दुचाकींना दिवा कायम चालू असतो हे चांगलंच झालं, पण ट्रॅक्टरच्या झगझगीत दिव्याशेजारी स्कूटरचा दिवा विरघळून जातो. मी स्वतः पलीकडं उभं राहून बघितलंय, ट्रॅक्टर वळेपर्यंत मागची दुचाकी आहे की नाही सांगता येत नाही.

थांबून जी मोकळी जागा शोधायची, म्हणजे येणाऱ्या दोन गाड्यांमधला वेळ, तिला रस्त्याच्या शास्त्रात गॅप म्हणतात. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये बाजूच्या रस्त्यावरून आडवं ओलांडून वळणाऱ्याला दोन पदरी रस्त्यावर साधारण ७.१ सेकंदांची गॅप लागते असं धरतात. सात सेकंदांत ६० नं येणारी गाडी शंभर मीटरच्या वर अंतर कापते. एवढी गॅप मिळेपर्यंत आपल्याकडं कुणी थांबला तर मागचे हॉर्नवरचा हात काढत नाहीत. आपल्याकडच्या गाड्या अशा शिस्तीत थांबून गॅप घेतच नाहीत, त्या नाक घालत घालत पुढं सरकतात, म्हणून २०१७ च्या इंडो एचसीएममध्ये, म्हणजे भारतासाठी केलेल्या तशाच मॅन्युअलमध्ये, गॅप मोजायची पद्धतच वेगळी घेतलीय. आणि जितका वेळ जास्त थांबावं लागतं तितकी लहान गॅप माणूस घेतो, हे सगळीकडंच दिसून आलंय. त्या पोराला मी भेटायला गेलो होतो. म्हणाला, "दादा, मागनं तिघं हॉर्न मारत होते. ट्रॅक्टर वळायला लागला आणि मला वाटलं सुटलो." वीस-बावीसचं पोरगं, दारू नाही काही नाही, आठ तास मशीनवर उभं राहून आलेलं.

एक हिशोब मला फार उपयोगी पडला. तिकटीवर गाड्यांचे मार्ग एकमेकाला भिडायच्या नऊ जागा असतात, चार रस्त्यांच्या चौकात बत्तीस. नऊतल्या तीन जागा आडव्या कापणीच्या, म्हणजे जिथं जोरात मार बसतो त्या. आणि आपल्या डावीकडून चालायच्या पद्धतीत त्या तिन्ही जागांवर उजवीकडं वळणारी गाडी असतेच असते. उजवीकडचं वळण नीट बसवलं की निम्म्याहून जास्त काम झालं असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजून वाटतं.

गावाच्या मागण्या मात्र दोनच होत्या, सिग्नल बसवा नाहीतर हायवेवर मोठा स्पीड ब्रेकर टाका. सिग्नलचं मला तिथं पटत नव्हतं, दुपारी तासन्‌तास ट्रॅफिक नसतं, रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला कोण थांबणार, आणि एकदा तोडायची सवय लागली की संध्याकाळी पण तोडणार. स्पीड ब्रेकरला तर मी उघड विरोधच केला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या वेगानं सुखरूप जाता यावं असा. आपल्या गावोगावी पडतात ते हातभर रुंद आणि वीतभर उंच, रंग नाही, पाटी नाही, रात्री बायको-पोरं मागं बसलेली असताना दुचाकी त्यावर उडते. यावर मीटिंगमध्ये बरंच वाजलं, एक-दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मोठं काही झालं की सगळे धावतात हे खरंय. २०२२ च्या ८ ऑक्टोबरला पहाटे नाशिकच्या मिरची चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रेलर धडकले, बसनं पेट घेतला, किमान १२ माणसं गेली, तेव्हा मुख्यमंत्री तिथं आले, चौकाची चर्चा राज्यभर झाली. आमच्या तिकटीवर एकाचं मनगट आणि एकाची मांडी. त्यासाठी कोण येणार? रस्ता ज्या खात्याकडं आहे तिथं अर्ज दिला, पोच मिळाली, पुढं काही हललं नाही, मग तोंडी परवानगी काढून आम्ही तात्पुरतं म्हणून आमच्या हातानं केलं.

पहिलं काम फ्लेक्सची चौकट. ती काढायला सगळ्यात जास्त दिवस गेले, कारण एकाचा काढला तर दुसऱ्याचा का नाही. शेवटी ज्याचा वाढदिवस होता त्यालाच मोटरसायकलवर बसवून कारखान्याच्या रस्त्यावरून आणलं आणि म्हटलं आता कोल्हापूरकडून काय येतंय सांग. तो दोन मिनिटं मान पुढं काढून बघत राहिला आणि स्वतः म्हणाला, काढा. दुसऱ्या दिवशी चौकट गेली आणि संध्याकाळी मावशींच्या टपरीवरून मला पहिल्यांदा लांबच्या पुलापर्यंत दिवे दिसले.

दुसरं काम डांबरी पिंपांचं. निम्मी कापलेली पिंपं, आत माती आणि वर काँक्रीट, पांढरा-लाल रंग, रेडियमच्या पट्ट्या. कारखान्याच्या रस्त्याच्या तोंडाशी बरोबर मध्यावर ओळीनं सहा पिंपं आत पंधरा-सोळा मीटरपर्यंत, म्हणजे बाहेर येणाऱ्याला उजवीकडं सरकताच येऊ नये आणि आत येणाऱ्या कारला कोपरा कापताच येऊ नये. माझी एक चूक झाली. पहिलं पिंप मी हायवेच्या कडेला अगदी लागून ठेवलं, आणि चौथ्याच रात्री ट्रॉलीनं ते उडवलं. ड्रायव्हरची चूक नव्हती, भरलेली मागची ट्रॉली कुठून ओढली जाते ते मी बघितलंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याला विनंती करून त्याला तीनदा वळायला लावलं, चाकाच्या खुणांवर चुना टाकला आणि पिंप अडीच मीटर मागं घेतलं. त्यानंतर ते हाललं नाही.

तिसरं, हायवेला मिळायच्या आधी कारखान्याच्या रस्त्यावर एक पसरट उंचवटा मापात आणि एक पांढरा पट्टा, इथं थांबा म्हणून.

फरक लगेच दिसला तो कारमध्ये. कापून वळणाऱ्या कार पहिल्या आठवड्यातच बंद झाल्या, कारण जागाच नाही. आणि समोरून अंगावर येणारी कार बंद झाली म्हटल्यावर मोटरसायकलवाले पण आपल्या बाजूला राहायला लागले, कुणी पाटी लावली नाही, दंड केला नाही, आरडाओरडा केला नाही. आता ते गावाच्या अंगाला, आधीपेक्षा पाच-सहा पावलं पलीकडं थांबतात, त्यामुळं वळणाऱ्या ट्रॅक्टरचं तोंड आत गेलं की त्यांना ट्रॉलीच्या पलीकडची बाजू थोडी लवकर दिसते. काही पोरं दोन पिंपांच्या मधनं घालतात अजून, ते आहेच.

जे सुटलं नाही ते पण लिहितो. ट्रॉलीच्या आडून ओव्हरटेक करणारा स्कूटरवाला, म्हणजे आमचे दाजीच, त्याच्यासाठी पिंपांनी काही होत नाही. तो हायवेवरच असतो. त्यावर आम्ही एवढंच केलं की हंगामात ट्रॅक्टरवाल्यांना रेडियमच्या पट्ट्या वाटल्या, मागच्या ट्रॉलीच्या तळाशी लावायला सांगितलं जिथं पाला लोंबत नाही, आणि वळायच्या बरंच आधीपासून डाव्या अंगाला हात बाहेर काढायला किंवा सोबत्याला बॅटरी दाखवायला सांगितलं. काही करतात, काही नाही. खरा उपाय म्हणजे तिथं हायवे थोडा रुंद करून डावीकडं वळणाऱ्यांना वेगळी पट्टी द्यायची, म्हणजे ट्रॅक्टर लवकर बाजूला होईल आणि मागच्याला पुढचं दिसेल. तो अर्ज परत दिलाय, नकाशा काढून, मापं घालून, या वेळी चुन्याच्या खुणांचे फोटो जोडलेत.

मावशींनी पिंपं लावली त्या दिवशी जुना डबा रिकामा केला आणि नवीन ठेवला. परवा गेलो होतो तर तळाला चार तुकडे होते, तीन आरशाचे, एक नारिंगी. नारिंगी तुकडा पण फ्लेक्सच्या जागेपुढंच सापडला म्हणाल्या, म्हणजे कुणीतरी परत तिथून घातली. दाजी आता रिक्षानं कोल्हापूरला जातात, स्कूटर विकलेली नाही, झाकून ठेवलीय. मोळी पडायला, म्हणजे नवीन गळीत हंगाम सुरू व्हायला, महिना राहिलाय, पिंपांवरचा रंग उडालाय, येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं परत रंगवायला जाणार आहोत, लाल रंगाचा अर्धा डबा उरलाय, पांढरा आणायचा आहे.